राक्षस खातो काय? महाकाय प्राण्यांच्या कादंबऱ्यांचा धागा

गुळवेल (धागाकर्ती)

राक्षसपटांवर बोलायला माणसं पटकन जमतात. पुस्तकांचं नाव काढलं की "अच्छा, सिनेमा ज्याच्यावरून काढला ते?" एवढ्यावर विषय संपतो. म्हणून हा धागा फक्त पुस्तकांसाठी. प्राणी अवाढव्य हवा, माणसं त्याच्या तावडीत सापडलेली हवीत, आणि असा प्राणी असू शकतो असं लेखकाने निदान भासवलेलं हवं. भुतं-पिशाच्चं नकोत, त्यांच्यासाठी अमावस्येचा धागा वेगळा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला बरं पडेल. पडद्यावर राक्षस नुसता दिसला तरी पैसे वसूल होतात. कागदावर तसं होत नाही. "तो शंभर मीटर उंच होता" या वाक्याने आजवर कोणाची झोप उडालेली नाही. तरी आपण ही पुस्तकं पहाटेपर्यंत वाचतो, ते का? माझ्या मते हिशेबापायी. प्राणी किती आहेत, खातात काय, पाण्यावर कुठे येतात, त्यांना पिल्लं होतात का, कुंपणातली वीज किती वेळ टिकेल. हा हिशेब ज्या लेखकाला मांडता येतो त्याचा राक्षस खरा. बाकीच्यांचे नुसते मोठे.

पुरावा म्हणून मायकल क्रायटनचं 'ज्युरासिक पार्क' (१९९०). त्यात टी-रेक्स आहेच, पण मी हादरले ते एका कोष्टकापाशी. बेटावरचे डायनोसॉर संगणक कॅमेऱ्यांवरून मोजतो. जातवार आकडे, अपेक्षित २३८, सापडले २३८, सगळे खूश. गणितज्ञ माल्कम म्हणतो, संगणकाला जरा जास्त प्राणी शोधायला सांगून बघा. आकडा वाढवतात आणि पुढचं कोष्टक येतं: २९२. घोळ असा की अपेक्षित आकडा गाठला की मोजणी तिथेच थांबायची. ती ज्यांनी बनवली त्यांना धास्ती एकच, प्राणी मरतील नाहीतर पळतील. वाढतील हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या पानावर रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही, पण त्यानंतर बेटावरचं प्रत्येक झुडूप संशयास्पद वाटायला लागतं. सिनेमात हे कोष्टक नाही. असतं तरी थेटरात कोणी वाचलं असतं?

दुसरं, आजारी प्राण्याचं प्रकरण. सिनेमात तो ट्रायसेराटॉप्स आहे, पुस्तकात स्टेगोसॉरस. तो ठरावीक काळाने आजारी पडतो. विषारी फळांची झुडपं जवळच आहेत, पण ती तो खात नाही. मग विष जातं कुठून? हा प्राणी अन्न दळायला खडे गिळतो. खडे झिजून गुळगुळीत झाले की ओकून टाकतो आणि नवे उचलतो, आणि त्या खड्यांबरोबर खाली पडलेली फळं पोटात जातात. सिनेमाने शेणाचा भलामोठा ढीग दाखवला आणि उत्तर न देताच पुढे गेला. मला ते उत्तर हवं असतं.

तुम्हाला काय हवं असतं?

सोलापुरी_चादर

ताई, हिशेब मी दिवसभर ऑफिसात करतो. तोही जीएसटीचा. घरी आल्यावर पुन्हा कोष्टक नको. मला इमारती पडलेल्या हव्यात.

जेरेमी रॉबिन्सनचं 'प्रोजेक्ट नेमेसिस' (२०१२) वाचलंय का कोणी? अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या रानात सुरू होतं आणि बॉस्टनपर्यंत येऊन सगळं भुईसपाट करतं. छोटी छोटी प्रकरणं, तोंडाळ नायक, सैन्याची विमानं येतात, दारूगोळा संपतो, राक्षस उभाच. साहित्यमूल्य नाही म्हणाल तर कबूल. पोषणमूल्य बघून वडापाव कोण खातं?

पण एक सांगतो, नुसती पाडापाडी मलाही पुरत नाही. नेमेसिसच्या अंगात खून झालेल्या एका मुलीचा अंश असतो आणि त्या मुलीला न्याय हवा असतो. त्यामुळे ती शहर तुडवत निघते तेव्हा कुठेतरी निघालेली असते. कुठे, ते वाचकाला कळलेलं असतं आणि ज्याच्याकडे निघाली आहे त्यालाही. ती पानं मी उभ्याउभ्या लोकलमध्ये वाचली आणि माझं स्टेशन मागे गेलं.

मधली_सुट्टी

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं मत गुळवेलच्या पारड्यात.

तिने कोष्टकाचं सांगितलं, पण त्याच्या आधीचा आलेख विसरली. कॉम्पी नावाचे लहान डायनोसॉर असतात. माल्कमला त्यांच्या उंचीचा आलेख दाखवतात. मधे उंचवटा, दोन्हीकडे उतार, अगदी पाठ्यपुस्तकातला घंटेच्या आकाराचा. उद्यानवाले म्हणतात, बघा, किती निरोगी कळप! माल्कम म्हणतो, हाच तर गोंधळ आहे. तुम्ही ही पिल्लं तीन खेपांमध्ये, मधे काही महिने सोडून आणलीत. म्हणजे आलेखात तीन वेगळे उंचवटे दिसायला हवेत. एकच दिसतोय, याचा अर्थ इथे सगळ्या वयाचे प्राणी आहेत.

पिल्लं होतायत हे एका आलेखावरून उघडं पडतं, कोणी अंडं बघण्याआधी. वर्गात हा किस्सा सांगितला की मागच्या बाकावरचे मोबाइल खाली ठेवतात. 'नॉर्मल डिस्ट्रिब्युशन'ला एवढी नाट्यमय भूमिका दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मिळाली असेल तर सांगा.

सोलापुरी_चादर

मॅडम, तुम्ही आम्हाला असतात तर आम्ही दुसऱ्या खेपेत पास झालो नसतो.

हाडांचा_डॉक्टर

गुळवेल, तुमचा हिशेब तुमच्यावरच उलटवतो. नीट मांडला तर एकही राक्षस उभा राहणार नाही. अक्षरशः.

उंची, रुंदी, जाडी दहापट केली की वजन हजारपट होतं. हाडाचा आडवा छेद मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हे मांडलंय. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या निबंधात ६० फुटी राक्षसांचं उदाहरण घेतलं आणि सांगितलं की पाऊल टाकताक्षणी त्यांच्या मांडीची हाडं मोडतील. (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

आता १९५४ चा गॉडझिला घ्या. उंची ५० मीटर. १.७ मीटर उंच, ७० किलो वजनाचा माणूस त्याच प्रमाणात फुगवला तर वजन भरतं साधारण १,८०० टन. गॉडझिलाचं अधिकृत वजन किती? २०,००० टन! एवढं वजन घेऊन तो समुद्रातून चालत येतो, रेल्वेचे डबे उचलतो, आणि गुडघ्याची तक्रार नाही.

तरी मी वाचतो, आणि हावरटासारखा वाचतो. पण हिशेब चुकलेला चालतो असं माझं म्हणणं आहे. लेखकाने एक थाप मारावी, मोठी मारावी, आणि मग पुढची तीनशे पानं त्या थापेशी इमान राखावं. तिसऱ्या प्रकरणात राक्षसाला दिसत नाही असं ठरलं असेल तर सतराव्यात तो नायिकेला खिडकीतून ओळखतो कसा? अशा ठिकाणी पुस्तक मिटतो.

गुळवेल

डॉक्टर, थापेचं एकदम मान्य. आणि हाडं मोडू नयेत म्हणूनच शहाणे लेखक राक्षसाला पाण्यात ठेवतात. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो तो पाणी भार पेलतं म्हणून. किनाऱ्यावर आला की स्वतःच्याच वजनाखाली घुसमटतो.

दर्यावर्दी

पाण्याचं नाव निघालं म्हणून आलो. मालवाहू जहाजावर नोकरी, वाचायला वेळ भरपूर.

समुद्रराक्षसांचा मूळपुरुष ज्यूल व्हर्न. 'समुद्राखालून वीस हजार लीग' (१८७०). माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी व्हर्न वाचला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. पाणबुडीला भिडणारा तो महाकाय माखला व्हर्नने हवेतून काढलेला नव्हता. १८६१ मध्ये 'अलेक्तोँ' नावाच्या फ्रेंच जहाजाला टेनेरिफजवळ तसला प्राणी खरोखर दिसला होता. खलाशांनी गोळ्या झाडल्या, दोर टाकून ओढायचा प्रयत्न केला, शेपटाचा तुकडा तेवढा हाती आला. व्हर्न हा प्रसंग कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी घालतो आणि मग स्वतःचा राक्षस सोडतो. खऱ्या बातमीच्या पाठोपाठ थाप, ही युक्ती आजही सगळे वापरतात. त्या खोल पाण्यातल्या माखल्याचे जिवंतपणीचे फोटो मिळायला २००४ उजाडलं. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ कुबोदेरा आणि मोरी या दोघांनी ते काढले.

(अवांतर: त्या पाणबुडीचा कप्तान निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, हे व्हर्नने पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड केलं. लहानपणी हे कळलं तेव्हा मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.)

आता हिशेबाचं. स्टीव्ह ऑल्टनचं 'मेग' (१९९७) माझं लाडकं पुस्तक आहे आणि त्यातला हिशेब पार गंडलेला आहे. सुरुवातीलाच मेगॅलोडॉन शार्क उथळ पाण्यात फसलेल्या टी-रेक्सला खातो. टी-रेक्स संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. मेगॅलोडॉन आला जेमतेम २.३ कोटी वर्षांपूर्वी. मधे चार कोटी वर्षांहून मोठी दरी. पुढे हाच शार्क मारियाना गर्तेच्या, म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेच्या तळाशी तग धरून राहिलाय असं दाखवलंय. तिथे पंधरा मीटरच्या शिकारी प्राण्याचं पोट भरेल एवढं अन्न आहे कुठे? खरा मेगॅलोडॉन उबदार पाण्यात देवमाशांच्या मागे असायचा आणि ३६ लाख वर्षांपूर्वी संपला.

मग लाडकं का? कारण समुद्रात प्राणी दिसत नाही. सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्रावर, ठिपका दिसतो. ठिपका मोठा होतो. मग ठिपका नाहीसा होतो. रात्री जहाज चालवायच्या खोलीत पहाऱ्याला उभं राहून वाचू नका एवढाच सल्ला.

खडूस_म्हातारा

नव्या पोरांनी नवी पुस्तकं वाचावीत, हरकत नाही. पण आर्थर कॉनन डॉइलच्या 'द लॉस्ट वर्ल्ड'चं (१९१२) नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. क्रायटनने आपल्या दुसऱ्या भागाला हेच नाव दिलं, ते उगाच नाही.

दक्षिण अमेरिकेतलं उभ्या कड्यांचं पठार, वर अडकून राहिलेले प्राचीन प्राणी. अशी पठारं खरी आहेत, रोराइमा त्यातलं प्रसिद्ध. पण माझ्यासारख्याने हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावं ते डायनोसॉरसाठी नव्हे. प्रोफेसर चॅलेंजर आणि प्रोफेसर समरली यांच्या भांडणासाठी! खाली दरी, वर टेरोडॅक्टिल (डायनोसॉरांच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी), आणि दोन म्हातारे शास्त्रीय मुद्द्यावर हमरीतुमरीवर आलेत. शेवटी चॅलेंजर लंडनच्या भरसभेत जिवंत टेरोडॅक्टिल पेटीतून काढतो, आणि तो खिडकीतून उडून जातो. १९२५ च्या मूकपटाने त्याच्याजागी ब्रॉन्टोसॉरस लंडनच्या रस्त्यांवर सोडला. शहरात घुसलेला राक्षस पडद्यावर तिथून रुजला.

आणि कौतुकाबरोबर हेही सांगतो. त्या पुस्तकात पठारावरच्या वानरमानवांची जी कत्तल होते तिचं वर्णन लेखक विजयोत्सवासारखं करतो. स्थानिक माणसांबद्दलची भाषाही त्या काळच्या साहेबाचीच. पूर्वी ती पानं मी भरभर वाचून जायचो. आता तिथे थांबतो, आणि चॅलेंजरसाहेब थोडे कमी आवडतात.

गुळवेलबाईंच्या हिशेबाबद्दल: महाभारतात एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस असा ठरलेला रतीब होता. घराघरांत पाळी लावलेली. त्या गोष्टीत भीती बकासुराच्या दातांची नाहीच. आपल्या घराची पाळी उद्या आहे, याची आहे. तेव्हा ही तुमची क्रायटनी युक्ती फार जुनी आहे.

गुळवेल

काका, हे धाग्याच्या मथळ्यात घालायला हवं होतं! पाळीची यादी म्हणजे कोष्टकच की.

तोक्योकर

उशिरा आलो. गेली काही वर्षं तोक्योत आहे. शिंजुकूत एका इमारतीच्या गच्चीवरून गॉडझिलाचं डोकं डोकावतं, त्याच्याखालून येणंजाणं असतं. पण मला पुस्तकाबद्दल बोलायचंय, आणि थोडा विरोध करायचाय.

गॉडझिलाचं पुस्तक आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. १९५४ च्या सिनेमाची मूळ कथा लिहिली शिगेरू कायामा यांनी. १९५५ मध्ये त्यांनीच ती किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरीच्या रूपात लिहिली, आणि लगोलग दुसऱ्या सिनेमाचीही. इंग्रजीत ही दोन्ही एका पुस्तकात आली ती थेट २०२३ मध्ये, जेफ्री अँगल्स यांच्या अनुवादात. सिनेमात बाजूला राहणारा शिंकिची हा बेटावरचा पोरगा इथे बराच पुढे येतो. म्हणजे ज्या वयाच्या मुलांसाठी लिहिलं त्याच्या जवळचं कोणीतरी राक्षसासमोर उभं आहे.

आता विरोध. गुळवेल विचारते राक्षस खातो काय. गॉडझिलाच्या बाबतीत हा प्रश्नच लागू पडत नाही. तो भुकेने तोक्योत येत नाही. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रतळातून उठलेला आहे तो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर 'कॅसल ब्राव्हो' चाचणी केली. याइझू बंदराच्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी नौकेवर त्याची राख पडली. नौकेवर २३ माणसं होती. त्यातले रेडिओ चालवणारे कुबोयामा सप्टेंबरात वारले. सिनेमा लागला ३ नोव्हेंबरला, आणि सुरुवातच समुद्रात एक जहाज पेटण्याने होते. त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती, तो वर्तमानपत्रात रोज येत होता. ती नौका इथे युमेनोशिमाला प्रदर्शनात ठेवलेली आहे. लाकडी आहे आणि तिची आठवण पुस्तक वाचताना काही केल्या डोक्यातून जात नाही.

तर माझ्या मते राक्षसकथांचे दोन वंश आहेत. एकात राक्षस प्राणी असतो. मग तो खातो, वितो, झोपतो, आणि आपण त्याला समजून घेऊन वाचतो. दुसऱ्यात तो परिणाम असतो. त्याला समजून घेऊन काही उपयोग नाही, कारण चूक त्याची नाहीच. डॉक्टरांनी २०,००० टनांची चेष्टा केली, पण त्या वंशात वजन मोजायचंच नसतं.

हाडांचा_डॉक्टर

चेष्टा मागे घेणार नाही, पण तुमचा मुद्दा भारी आहे.

गुळवेल

तोक्योकर, पटलं नाही. परिणाम असला तरी तो शिंकिचीच्या बेटावर गुरं मारतो, पाऊल उमटवतो, त्या पावलात किरणोत्सारी माती आणि त्रिखंडी (ट्रायलोबाइट) हा कधीच नामशेष झालेला समुद्री जीव सापडतो. म्हणजे कथेतले जीवाश्मशास्त्रज्ञ प्रोफेसर यामाने तिथे हिशेबच करत बसलेले असतात ना? आणि सगळ्यांना त्याला मारायचं असताना, त्याचा अभ्यास करा म्हणून हळहळणारा तो एकटाच माणूस आहे. मी त्याच्या बाजूची.

तोक्योकर

यामाने हळहळतो आणि त्याचं कोणीही ऐकत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

पिंपळपान

भूशास्त्राची विद्यार्थिनी, सध्या नागपूर. इथे मला मथळ्याचं उत्तर द्यायचंय.

राक्षस खातो काय? गवत.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लामेटा नावाच्या डायनोसॉरकालीन खडकांच्या थरांत डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. दिसायला साधे गोटे. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. तोवर समज असा होता की डायनोसॉर संपल्यावर बऱ्याच काळाने गवत आलं. पिसदुऱ्याच्या गोट्यांनी सांगितलं की नाही, क्रिटेशस काळाच्या अखेरीस गवत होतं आणि लांब मानेचे टायटॅनोसॉर ते खातही होते. बहुधा विदर्भातले टायटॅनोसॉरच. त्याच जिल्ह्यात डोंगरगावला आयसीसॉरस हा टायटॅनोसॉर सापडलाय, अंदाजे १८ मीटर लांब.

म्हणजे 'ज्युरासिक पार्क' सिनेमातली वनस्पतीशास्त्रज्ञ एली सॅटलर शेणात हात घालून जे शोधते, ते काम आपल्याकडे खरंच झालंय.

अजून एक. २०२४ मध्ये रुरकी आयआयटीच्या संशोधकांनी 'वासुकी इंडिकस' हा साप जाहीर केला. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतले मणके, वय ४.७ कोटी वर्षं, लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर. कोलंबियातल्या कोळसा खाणीत मिळालेल्या टायटनोबोआच्या तोडीचा. दोन्ही महासर्प खाणीतच निघाले. खाण, पावसाळा, पाणी उपसायचे पंप बंद, रात्रपाळीचे कामगार. अहो लेखकांनो, अजून काय हवंय? मराठीत हे कोणी लिहा ना!

सोलापुरी_चादर

पंप बंद पडले तिथेच मी पुस्तक विकत घेतलं. लिहा तुम्हीच.

पिंपळपान

आधी प्रबंध. गाइड साप बनून मागे आहेत.

रानजाई

मी दुसऱ्या टोकाने येते. वन्यजीवांच्या कामात असल्याने असल्या कादंबऱ्यांवर माझा कायम राग होता, आणि कारण पीटर बेंचलीचं 'जॉज' (१९७४). एका पुस्तकाने आणि त्यावरच्या सिनेमाने लोकांच्या डोक्यात शार्क म्हणजे सूड घेणारा खुनी असं बसवलं. बेंचली स्वतः पुढे शार्क वाचवा म्हणत आयुष्यभर हिंडले. कादंबरीतला राक्षस सुटतो आणि खरा प्राणी मरतो, असं ते गणित.

राग निवळला तो जॉन स्कॅल्झीच्या 'द काइजू प्रिझर्वेशन सोसायटी'मुळे (२०२२). काइजू म्हणजे जपानी राक्षसपटांतला महाकाय प्राणी. कोविडच्या सुरुवातीला नोकरी गेलेली आणि न्यूयॉर्कमध्ये घरोघर जेवणाचे डबे पोचवणारी जेमी ही व्यक्ती अचानक 'मोठ्या प्राण्यांची' काळजी घेणाऱ्या संस्थेत कामाला लागते. प्राणी दुसऱ्या समांतर पृथ्वीवरचे, आणि पोटात चक्क नैसर्गिक अणुभट्टी. (घ्या डॉक्टर, ही तुमची मोठी थाप.) अंगावर एवढे परजीवी की एकेक काइजू म्हणजे चालतं जंगल. आणि काम काय? त्यांचं मीलन जुळवणं, अंडी सांभाळणं, आणि बाहेरच्या पैसेवाल्यांपासून त्यांना वाचवणं. राक्षसाला मारायचं नाही, सांभाळायचं, यावर आख्खं पुस्तक. पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा लोकस पुरस्कारही मिळाला.

तक्रार एकच, प्राणी दिसतो कसा हे लेखक फारसं सांगतच नाही. काहींना ते खटकतं. मला नंतर आवडायला लागलं.

जुन्नरकडे वीसेक वर्षांपूर्वी उसातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे सोडले तिकडे हल्ले वाढले. त्यामुळे कुठल्याही राक्षसकथेत अधिकारी म्हणाला की "त्याला उचलून बेटावर नेऊन ठेवू", की मी पेन्सिलीने समासात उद्गारचिन्ह काढते. किंग काँगची सगळी शोकांतिका उचलून आणण्यातच आहे.

मधली_सुट्टी

रानजाई, वर्णन नसण्याबद्दल: जॉन विंडमचं 'द क्रॅकन वेक्स' (१९५३) वाच. समुद्राच्या तळाशी जे काही आहे ते अखेरपर्यंत नीट दिसतच नाही. जहाजं बुडतात, किनाऱ्यावरची गावं ओस पडतात, मग पाण्याची पातळी वाढायला लागते. ते परग्रहावरून आलेत म्हणून गुळवेलच्या अटीत बसत नाही, पण मी शिक्षिका आहे, एक सवलत चालते.

गुळवेल

सवलत दिली.

चकली_भाजणी

वाचनखूण साठवली. एक शंका. भाची बारा वर्षांची आहे, डायनोसॉरवेडी. इंग्रजी वाचते पण जाडजूड पुस्तकाला घाबरते. काय देऊ? फार रक्तपात नको.

दर्यावर्दी

'मेग' नको, हे पहिलं. भागवतांचा व्हर्न मराठीत द्या, चित्रं असलेली प्रत मिळाली तर उत्तम.

खडूस_म्हातारा

डॉइल द्या, पण बरोबर बसून वाचा आणि मी वर म्हणालो त्या पानांवर तिच्याशी बोला.

जाडजूड नको असेल तर एच. जी. वेल्सची 'एपिओर्निस आयलंड' (१८९४). लघुकथाच आहे, एका दुपारची. एपिओर्निस म्हणजे मादागास्करचा नामशेष झालेला हत्तीपक्षी, हा पक्षी खरा होता. बुचर नावाचा माणूस दलदलीत त्याची अंडी गोळा करतो आणि तीन अंड्यांसह होडीतून भरकटतो. भूक लागते तशी दोन अंडी खाऊन टाकतो. तिसरं निर्जन बेटावर उबतं आणि पिल्लू बाहेर येतं. सुरुवातीला दोघांची दोस्ती. मग पिल्लू वाढतं, वाढतच जातं, बेटावरचे मासे दोघांना पुरेनासे होतात, आणि एके दिवशी पक्षी त्याच्या मागे लागतो. पुढचं भाचीला वाचू द्या. शेवट थोडा वाईट वाटायला लावतो, पण बारा वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त पेलतं. हक्क संपलेत, त्यामुळे नेटवर फुकट मिळेल.

चकली_भाजणी

काका, धन्यवाद. आज रात्री आधी मीच वाचते.